जिन : एका शब्दाची कुळकथा

दिवाळी सरली की आमच्या शाळेची हजेरी उतरते. दिग्रस हे कापसाच्या मुलखातले तालुक्याचे गाव. वेचणी सुरू झाली की मोठी मुले आईबरोबर शेतात जातात. काहींचे वडील जिनमध्ये रात्रपाळीला असतात, मग धाकट्या भावंडांना सांभाळायला बहिणी घरी राहतात. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि हे सारे आता नुसता हजेरीपट पाहून ओळखतो.

अशाच एका हिवाळ्यात सातवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. जी, आय, एन ही तीन अक्षरे फळ्यावर लिहून आम्ही अर्थ विचारला. वर्गात कुजबुज झाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि त्याने उलट आम्हालाच विचारले, "सर, जिन में जिन रहते क्या?" सारा वर्ग हसला. पण मुलगा गंभीर होता. गावाकडेला एक जुने जिन वर्षानुवर्षे बंद पडलेले आहे. पत्रे उडालेले, धुरांडे तेवढे उभे. मग्रिबनंतर त्या बाजूला जायचे नाही, तिथे जिन असतात, म्हणूनच त्याला जिन म्हणतात, असे त्याच्या दादीने त्याला बजावले होते.

आम्ही म्हटले, नाही रे, तो शब्द वेगळा आणि हा वेगळा. मुलाने मान डोलावली आणि तो बसला. पण आपण सांगितले ते नेमके कशावरून, हा प्रश्न आमच्याच मनात राहिला. कारखान्याचा जिन कुठून आला? भुताखेतांच्या गोष्टीतला जिन कुठला? आणि दोघांचे खरेच काही नाते नाही काय?

हा प्रश्न नुसत्या शब्दार्थाचा असता तर आम्ही तो शब्दकोशात पाहून सोडून दिला असता. पण त्याच्या थोडेच आधी एका प्रशिक्षण शिबिरात आमच्या शेजारी बसलेल्या एका शिक्षकबंधूंनी चहा पिता पिता सहज म्हटले होते, "तुमची भाषा बाहेरून आलेली, तुमचे शब्दही बाहेरचे." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. त्यांना तेव्हा उत्तर देता आले नाही. वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाचा माग काढता काढता ते उत्तरही हळूहळू हाती लागले. ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कारखान्यातला जिन

कापूस शेतातून येतो तेव्हा त्याच्या तंतूंना सरकी घट्ट चिकटलेली असते. सरकी वेगळी झाल्याशिवाय रुई होत नाही, रुई झाल्याशिवाय सूत नाही. हे काम आपल्या देशात फार जुने आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत एका रुळाने सरकी काढण्याची रीत दिसते, असे अभ्यासक सांगतात. पुढे दोन रुळांची चरखी आली. एका बाजूने कापूस घालायचा, दांडा फिरवायचा. तंतू रुळांतून पलीकडे जातो आणि सरकी अलीकडे गळून पडते. वऱ्हाडात हे काम बहुधा बायका घरी बसून करत. त्यानंतर पिंजारी येई. धनुकलीची तात ठोकून तो रुई फुलवी, मग पेळू होत.

या देशी चरखीला जिन हे नाव नव्हते. ते नाव अमेरिकेतून आले. 1793 साली एली व्हिटनी याने जॉर्जियात दातेरी यंत्र तयार केले आणि 1794 च्या मार्चमध्ये त्याचे पेटंट घेतले. तिकडच्या कापसाची सरकी इतकी चिवट की हाताने दिवसभरात एक पौंड रुई साफ होणेही मुश्कील. या यंत्रावर ती दिवसाला पन्नास पौंडांपर्यंत होऊ लागली. यंत्राला त्यांनी म्हटले 'कॉटन जिन'.

हा जिन म्हणजे इंजिन या शब्दाचे उरलेले शेपूट. इंजिनचे डोके बोलण्याच्या ओघात गळाले आणि जिन तेवढे राहिले. ही काटछाट व्हिटनीच्या कितीतरी आधीची आहे. जुन्या इंग्रजीत युक्तीला, सापळ्याला, फासालाही जिन म्हणत. इंजिन हा शब्द फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये तो लॅटिनच्या 'इंजेनियम' या शब्दावरून. इंजेनियम म्हणजे जन्मतःच अंगी असलेली बुद्धी. त्यातला 'जेन' हा धातू जन्माचा. संस्कृतातला 'जन्' तो हाच. म्हणजे आपला जन्म, जनक, जनता आणि दिग्रसच्या जिनमधले यंत्र ही एकाच कुळातली लेकरे. मुलाने इंजिनीअर व्हावे असे ज्या आईबापांना वाटते, त्यांच्या तोंडी हाच धातू असतो.

'कॉटन जिन' या जोडशब्दातला पहिला शब्द तर त्याहून मजेचा. कॉटन हा मूळ अरबी 'कुत्न'. अरब व्यापाऱ्यांबरोबर कापूस आणि त्याचे नाव स्पेन-इटलीत गेले, तिथून फ्रेंचमध्ये आणि मग इंग्रजीत. उलट आपला कापूस म्हणजे संस्कृत 'कर्पास'. तोही घरी बसून राहिला नाही. फारसीत तो 'करपास' झाला, ग्रीकांकडे 'कार्पासोस', आणि हिब्रू बायबलातल्या एस्तेरच्या ग्रंथात तो 'करपस' म्हणून भेटतो. आज आमच्या गावचा शेतकरी 'कॉटन मार्केट'मध्ये 'कापूस' विकतो. एका वाक्यात अरबस्तान, युरोप आणि भारत एकत्र येतात. त्याला त्याची खबरही नसते आणि असायचे कारणही नाही.

यंत्र आणि माणूस

श्रम वाचवणारे यंत्र आले की कष्टकऱ्याचे कष्ट कमी होतील, असे कोणालाही वाटेल. अमेरिकेत उलटे झाले. सरकी काढणे सोपे झाले म्हणून कापसाखालची जमीन वाढली, जमीन वाढली म्हणून वेचणारे हात हवे झाले आणि ते हात गुलामांचे होते. 1790 च्या शिरगणतीत तिथे सुमारे सात लाख गुलाम होते. 1860 साली ते चाळीस लाखांच्या घरात गेले. या सगळ्याला एकटे जिन कारण नव्हते, पण त्याच्यावाचून कापसाचा तो पसारा झाला नसता, असे अनेक इतिहासकार मानतात. पश्चिम आफ्रिकेतून धरून नेलेल्या त्या माणसांत मुसलमानही होते. उमर इब्न सईद नावाच्या अशाच एका विद्वान गुलामाने 1831 साली नॉर्थ कॅरोलिनात आपली जीवनकहाणी अरबीत लिहिली. ती आजही उपलब्ध आहे.

तिकडे 1861 साली यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला. तेव्हा इंग्रजांची नजर वऱ्हाडवर स्थिरावली. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड त्यांच्या ताब्यात आलेच होते. कापसाचे भाव चढले, ज्वारीच्या शेतात कापूस आला. 1867 साली मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. खामगाव आणि अमरावतीला फाटे फुटले. या मुलखातल्या कापसावर देखरेख करायला 'कॉटन कमिशनर' असा खास अंमलदार नेमला गेला. पण युद्ध संपले आणि चढलेले भाव खाली आले. शेतकऱ्याने मात्र पीक बदलले होते. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत वऱ्हाडात कापूस होता पण पोटाला धान्य नव्हते, हे या भरभराटीचे दुसरे अंग.

रेल्वेपाठोपाठ वाफेवर चालणारी जिने आणि गाठी बांधणारे प्रेस आले. इथे व्हिटनीचे दातेरी यंत्र फारसे टिकले नाही. ते आपल्या आखूड धाग्याचा कापूस तोडत असे. 1840 साली अमेरिकेतच निघालेले मॅकार्थीचे रुळाचे यंत्र आपल्याकडे रुजले. गंमत अशी की रुळ हे तत्त्व आपल्या जुन्या चरखीचेच. कारंजा येथे 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी वेगळा कायदा झाला. आमचा जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. 1905 साली तो यवतमाळ झाला. त्याच सुमारास यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी लहान रुळांची रेल्वे आली. पुढे लोकांनी तिला 'शकुंतला' म्हटले. ती मुख्यतः रुईच्या गाठींसाठीच होती. जिन हा शब्द वऱ्हाडीत मुरला तो याच काळात. 1925 साली देशभरासाठी कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला, तोवर इथल्या निरक्षर हमालालाही त्या शब्दाचा अर्थ विचारावा लागत नव्हता.

या बदलात घरोघरच्या चरख्या माळ्यावर गेल्या. बायकांच्या हाताचा पैसा गेला. गिरणीचे सूत आल्याने पिंजाऱ्याकडे सुतासाठी रुई येईना; त्याच्या वाट्याला गाद्या-रजया तेवढ्या उरल्या. पिंजारी, नद्दाफ, मन्सूरी ही नावे आपल्या समाजात सर्वांच्या ओळखीची आहेत. नद्दाफ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. आणि मन्सूरी मंडळी आपले नाते मन्सूर हल्लाजशी सांगतात. 'अनल हक' म्हटल्याबद्दल 922 साली बगदादमध्ये सुळावर गेलेला तो सूफी. त्याचे नाव आपण कव्वालीत शेकडो वेळा ऐकतो, पण 'हल्लाज' म्हणजे काय हे सहसा कोणी विचारत नाही. हल्लाज म्हणजे रुईपासून सरकी वेगळी करणारा. आजच्या अरबीतही जिनिंगच्या कारखान्याला त्याच धातूवरून 'महलज' म्हणतात. हे जेव्हा आम्ही वर्गात सांगितले तेव्हा एक मन्सूरी आडनावाची मुलगी आपल्या वहीवरच्या नावाकडे कितीतरी वेळ पाहत बसली होती.

न दिसणारा जिन

आता दादीच्या जिनाकडे येऊ. हा शुद्ध अरबी. जीम-नून-नून हा त्याचा धातू आणि अर्थ झाकणे, दृष्टीआड असणे. जो डोळ्यांना दिसत नाही तो जिन. कुरआन शरीफमध्ये 72 वी सूरत याच नावाची आहे. याच धातूची इतर लेकरे आपण रोज वापरतो. दाट झाडीने झाकलेली बाग ती जन्नत. आईच्या पोटात झाकलेला गर्भ तो जनीन. ज्याच्या बुद्धीवर पडदा पडला तो मजनून, म्हणजेच लैलाचा मजनू. अंगाला झाकणारी ढाल ती जुन्ना. एका धातूतून स्वर्ग, गर्भ, वेड आणि ढाल निघतात, हे पाहिले की अरबीच्या घडणीचे नवल वाटते.

या जिनाची इंग्रजांशी गाठ पडली ती एका फ्रेंच माणसामुळे. अँतवान गालाँ याने 1704 ते 1717 या काळात 'अलिफ लैला'चे फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केले. जिन्नी या शब्दासाठी त्याला फ्रेंचमध्ये 'जेनी' हा सारख्या आवाजाचा शब्द सापडला. तो लॅटिन 'जीनियस'वरून आलेला. जीनियस म्हणजे माणसाच्या जन्माबरोबर येणारा त्याचा रक्षक आत्मा. त्यावरून इंग्रजीत दिव्यातला 'जीनी' झाला. म्हणजे अरबी जिनाने लॅटिनच्या घरचा अंगरखा घातला. आणि हा जीनियस कोणाचा? त्याच 'जेन' धातूचा, ज्यातून इंजिन निघाले. मुलाच्या दादीने एकत्र केलेले दोन जिन रक्ताचे नातेवाईक नाहीत हे खरे, पण पॅरिसमध्ये त्यांची सोयरीक झाली हेही खरे. आम्ही वर्गात झटकन 'नाही' म्हटले होते, ते उत्तर पुरते बरोबर नव्हते.

बाकीची भावकी

इंग्रजीत जिन नावाची दारूही आहे. आपल्याला तिच्याशी कर्तव्य नाही, नावापुरते पाहू. डच लोक जुनिपर नावाच्या झुडपाच्या फळांचा वास देऊन दारू गाळत, तिला 'जेनेव्हर' म्हणत. इंग्रजांनी ते नाव तोडून जिन केले. अठराव्या शतकात लंडनची गरीब वस्ती या दारूने इतकी पोखरली की 1751 साली पार्लमेंटला तिच्यावर कायदा करावा लागला.

जीन्सची पँट हा आणखी निराळा धागा. इटलीतल्या जिनोआ बंदराला फ्रेंच लोक 'जेन' म्हणत; तिथून येणाऱ्या जाड सुती कापडाचे नाव जीन पडले. 1873 साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या खिळ्यांच्या मजूर-पँटचे पेटंट घेतले. तसल्याच जाड कापडाला इंग्रजीत 'डंगरी' म्हणतात, ते नाव मुंबईच्या आपल्या डोंगरीवरून गेले. आमच्या जिल्ह्यात यवतमाळजवळ लोहारा येथे डेनिम कापडाची गिरणी निघाली. तेव्हा जिनमधून निघणाऱ्या रुईची जीन इथेच होऊ लागली.

मराठीत घोड्यावर कसतात ते जीन. हे फारसी 'ज़ीन'. मराठीच्या तोंडी त्याचा नुक्ता गेला. जीन करणारे ते जिनगर. महाराष्ट्रात जिनगर समाज आहे, त्याच्या नावात हा फारसी शब्द आजही नांदतो.

आणि संस्कृतातला जिन म्हणजे विकार जिंकलेला. 'जि' हा धातू जय, विजय आणि जिंकणे यांचा. त्या जिनाचे अनुयायी ते जैन. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला येणारे भाविक ज्याला जिन म्हणतात, त्याचा आमच्या कारखान्याशी किंवा दादीच्या भीतीशी काडीचाही संबंध नाही. आवाज एक, घराणी सहा.

सरकीतला जीन

शेवटचा जीन सर्वांत तरुण आहे. 1909 साली डेन्मार्कचे योहानसन यांनी आनुवंशिक गुण वाहणाऱ्या घटकाला 'जीन' हे नाव दिले. ते ग्रीक 'गेनोस'ला धरून, म्हणजे कुळ, जात. पुन्हा तोच जन्माचा धातू. 2002 च्या मार्चमध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि मातीतल्या एका जिवाणूचा जीन आमच्या सरकीत आला. जिनमध्ये जी सरकी वेगळी होते तिच्या आत आता जीन आहे. बोंडअळी मरेल, फवारणी वाचेल, अशी आशा होती. काही वर्षे ती खरीही ठरली. पुढे गुलाबी बोंडअळी त्या जीनला सरावली. 2017 साली तिने बोंडे पोखरली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आमच्या मुलांना जीनचा धडा विज्ञानाच्या पुस्तकात फार पुढे येतो. त्याचा हिशेब त्यांच्या घरांत त्याआधीच झालेला असतो.

जिन्नस

हे सारे जुळवत असताना आमच्या हाती एक शब्द लागला. त्याची आम्हाला अपेक्षा नव्हती. उर्दूत आम्ही 'जिन्स' शिकवतो. अर्थ जात, प्रकार, आणि बाजारातला माल. अनेकवचन 'अजनास'. मराठीत हाच 'जिन्नस'. वाण्याच्या यादीत जिन्नस असतो, सणाला आई गोडाचे जिन्नस करते. कोशकार त्यावर अरबी अशी खूण करतात आणि ते बरोबरच आहे. पण अरबीत तो आला ग्रीक 'गेनोस'वरून. ज्या गेनोसवरून योहानसन यांनी जीन घेतला तोच हा. म्हणजे ज्याला आपण अरबी म्हणून ओळखतो तो जिन्नस आणि संस्कृत म्हणून पूजतो तो जन्म ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे निघाली. एक घरीच राहिला, दुसरा ग्रीस, शाम, अरबस्तान, इराण असा फिरून वऱ्हाडच्या बाजारात आला.

आता शिबिरातल्या त्या शिक्षकबंधूंना आमचे उत्तर असे. शब्द बाहेरून येतात, हे आपले म्हणणे खरे आहे. शिवकाळात रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश करून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. कारभार आपल्या भाषेत यावा हा त्यामागचा रास्त हेतू होता. तरीही अर्ज, तारीख, जमीन, हक्क हे शब्द मराठी माणसाने सोडले नाहीत, कारण ते वापरून वापरून त्याचे झाले होते. 1925 साली माधव जूलियन यांनी फार्शी-मराठी कोश केला, तो या आपलेपणाची नोंद म्हणूनच आम्ही पाहतो. पण शब्दाच्या आवाजावरून आणि पेहरावावरून त्याचे कूळ ठरवू नये. एकाच आवाजाचे सहा जिन परके निघतात आणि निराळ्या लिपीतला जिन्नस घरचा निघतो. माणसांचे याहून वेगळे नसावे. वऱ्हाडातला पिंजारी पिढ्यान्‌पिढ्या इथला कापूस पिंजत आला. त्याचे नाव अरबी, त्याची बोली वऱ्हाडी आणि त्याच्या हातची रुई या काळ्या मातीची. त्याला बाहेरचा ठरवायचे तर मोजपट्टी कोणती घ्यायची?

पुढच्या आठवड्यात आम्ही फळ्यावर दोन झाडे काढली. एक जन्माच्या धातूचे, त्याला इंजिन, जिन, जीनियस, जीन आणि जिन्नस अशा फांद्या. दुसरे अरबी धातूचे, त्याला जिन, जन्नत, जनीन, मजनू. दोहोंच्या मध्ये दिव्यातला जीनी, एक पाय इकडे आणि एक तिकडे. जीन्स, जीन आणि जैनांचा जिन बाजूला वेगवेगळे लिहिले. मुलांनी ते सारे वहीत उतरवून घेतले. ज्या मुलाने प्रश्न विचारला होता त्याला म्हटले, आता घरी जाऊन दादीला समजावून सांग.

दुसऱ्या दिवशी तो आला. आम्ही विचारले, "काय म्हणाल्या दादी?" तो म्हणाला, "सर, दादी बोली, मशीन का जिन अलग, वो मेरे को मालूम हुआ. फिर भी मग्रिब के बाद उधर जाना नहीं." पडक्या भिंती आणि त्यांतले साप आठवून आम्ही त्याला सांगितले, दादींचे म्हणणे ऐक.